कालिंदीचा अपराध कोणता?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे नाव घेतले की ज्ञानकोश आठवतो, आणि आम्हां नागपूरकरांना थोडा अभिमानही वाटतो; कारण त्या प्रचंड कार्याची उभारणी १९१६ साली येथेच सुरू झाली. पण त्या जाडजूड खंडांच्या आड त्यांची एक मानसकन्या झाकली गेली आहे. ती म्हणजे १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्राह्मणकन्या’ कादंबरीची नायिका कालिंदी.

कालिंदीचे वडील आप्पासाहेब डग्गे ब्राह्मण. आई शांता ही मंजुळा नावाच्या एका रक्षेची मुलगी. आप्पासाहेबांनी हे लग्न सुधारणेच्या तत्त्वासाठी केले. तत्त्व बापाचे, पण त्याचे मोल द्यावे लागले मुलीला. ब्राह्मणांत तिला स्थळ मिळेना आणि दुसरी जात तिला ठाऊक नव्हती. अखेर ती घर सोडते आणि शिवशरणप्पा ह्या लिंगायत तंबाखू-व्यापाऱ्याजवळ लग्नावाचून राहते. तिला मूलही होते. पुढे तो संबंध टिकत नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या यमूसाठी आपण रडतो, कारण यमू निरपराध आहे. कालिंदीने मात्र आपले पाऊल समजून-उमजून टाकले आहे. तिच्यासाठी रडणे इतके सोपे नाही. ज्या समाजाने मला आत घेतलेच नाही त्याचे नियम मी का पाळावे, हा तिचा सवाल बिनतोड आहे. तरीही तिच्या मनाला स्वस्थता नाही. ज्यांनी तिला दाराबाहेर ठेवले त्यांच्याच तराजूत ती स्वतःला तोलत राहते. माझ्या मते तिचे खरे दुःख हेच आहे. बहिष्कार घालणारे बाहेर असतात तोवर त्यांच्याशी भांडता येते. ते आपल्याच मनात येऊन बसले म्हणजे भांडायचे कोणाशी?

ह्या कादंबरीत चर्चा फार, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. वैजनाथशास्त्री नवी स्मृती रचू लागतात, तेव्हा कथा मुकाट्याने बाजूला उभी राहते. शेवटी कामगार पुढारी रामरावाशी कालिंदीचे लग्न लागते, तेही मला थोडे सोयीचे वाटते. पण शास्त्र्यांची खटपट पोकळ नव्हे. स्वतः केतकरांनी १९२० साली एडिथ कोन ह्या ज्यू विदुषीशी विवाह केला, तो व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदू करून घेऊन. बंद दाराला कडी कोठे असते, हे हाताने चाचपून पाहिलेला हा लेखक होता. म्हणूनच त्याने पुस्तकाला नाव दिले ‘ब्राह्मणकन्या’. समाजाने जे नाकारले ते लेखकाने मुखपृष्ठावरच लिहून ठेवले.

आज आपल्या नात्यागोत्यांत आंतरजातीय लग्ने होतात. आपण कौतुकाने अक्षता टाकतो, पंगतीला बसतो. पण पंचवीस वर्षांनी त्याच घरातल्या मुलीचे स्थळ पाहू लागलो की कागदावरच्या ‘जात’ ह्या रकान्यापाशी सगळ्यांची लेखणी अडते. कालिंदीचा अपराध शोधणाऱ्याने आधी त्या रकान्याकडे पाहावे.