भीमसेन बुऱ्हाणपुरीची साक्ष

१७०७ मध्ये औरंगजेबाच्या पश्चात मोगल साम्राज्यात जी यादवी माजली, तिचे मूळ शहाजाद्यांच्या सत्तालोभात शोधून आपण थांबतो. भीमसेन सक्सेना वाचल्यावर तसे थांबता येत नाही. १६४९ मध्ये बुऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ लेखणीबहाद्दर. बाप तोफखान्याचा मुश्रीफ, चुलता दख्खनचा दिवाण. घराण्याचा व्यवसायच हिशेबाचा. त्याच्या ‘तारीख-इ-दिल्कुशा’ या फारसी ग्रंथाचे बळही तेथेच आहे.

भीमसेन सांगतो ते असे. जहागिरी कागदावर मिळत, उत्पन्न हाती येत नसे. त्यांची अदलाबदलही वारंवार होई, म्हणून मनसबदार शिबंदी बाळगीत ना. जमीनदार बळावले. मोगली अंमलदार आणि मराठे या दोघांचेही देणे भरून पिचलेली रयत अखेर घोडा व हत्यार मिळवून मराठ्यांस जाऊन मिळाली. मनसबदारांनीही मराठ्यांशी आतून संधान बांधले. शहाजादे एकमेकांवर चालून जाण्याच्या कितीतरी आधी राज्य आतून पोखरले होते, हे या साक्षीवरून उघड होते.

अर्थात साऱ्याच ग्रंथास ही साक्षीची प्रतिष्ठा देता येणार नाही. शिवछत्रपतींच्या आरंभीच्या उद्योगाविषयी तो लिहितो ते ऐकीव होय. जिंजीच्या वेढ्याची गोष्ट निराळी. तेथे तो दलपतराव बुंदेल्याच्या पदरी स्वतः हजर होता. झुल्फिकारखानाने मनात आणले असते तर पहिल्याच दिवशी किल्ला घेतला असता, परंतु मोहीम लांबविणे ही सेनापतींची रीतच, असे तो निःसंकोच नमूद करतो. लढाई हेच ज्यांचे उत्पन्न, ते ती संपवितील कशाला? (आपल्या धन्याविषयी मात्र त्याची लेखणी मवाळ होते.) याच वर्षांत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद आपली बखर सिद्ध करीत होता. सभासद धन्याच्या पित्याचे चरित्र सांगतो, म्हणून त्याच्या गद्यास उभारी आहे. भीमसेनास कोणाची आज्ञा नव्हती, म्हणून तो स्वपक्षाचे व्यंग लिहू शकला. अध्यापकांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून शिकविले पाहिजेत. सेतु माधवराव पगडींनी भीमसेन मराठीत आणला असल्याने फारसीची अडचणही उरलेली नाही.

जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजाऊच्या रणांगणात आझमशहा पडला, त्याच्या बाजूने लढणारा दलपतरावही पडला. भीमसेन तेथेही होता.