तराजूवाला स्वार पडद्यावर का येत नाही?

बायबलमधील अंतकाळाच्या भाकितांवर रचलेले थरारपट आता आपल्या ख्रिस्ती घरांना अपरिचित राहिलेले नाहीत. पूर्वी ते व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने येत, पुढे सीडी आल्या, आणि आज हातातील मोबाईलवर ते कोणालाही, केव्हाही पाहता येतात. दारव्हा तालुक्यातील आमच्या बोरी अरबसारख्या गावी त्यासाठी चित्रपटगृहाची वाट पाहावी लागत नाही. असा चित्रपट पाहून अस्वस्थ झालेला तरुण साहजिकच विचारतो, की हे सारे खरोखर पवित्र शास्त्रात आहे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे चित्रपट नेमके काय दाखवितात आणि काय दाखवीत नाहीत, हे शांतपणे तपासावयास हवे.

या प्रकाराचा पाया १९७२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात निर्माण झालेल्या ‘अ थीफ इन द नाइट’ या चित्रपटाने घातला, असे म्हणता येईल. दिग्दर्शक डोनाल्ड थॉम्पसन आणि निर्माते रसेल डॉटन यांनी तो अल्प खर्चात केला, आणि चित्रपटगृहांपेक्षा प्रार्थनामंदिरांतूनच तो अधिक दाखविला गेला. एक तरुण पत्नी सकाळी जागी होते. न्हाणीघरात नवऱ्याचे दाढीचे यंत्र गुणगुणत पडलेले आहे, नवरा मात्र नाहीसा झाला आहे. रेडिओवरून कळते की जगभर असंख्य माणसे अशीच अदृश्य झाली आहेत. खरे श्रद्धावंत वर उचलले गेले, बाकीचे मागे राहिले! कलादृष्ट्या हे दृश्य सामान्य नव्हे. कोणताही भूतपिशाच न दाखविता, घरातील एका क्षुल्लक वस्तूच्या आवाजातून भय निर्माण करण्याचे कसब त्यात आहे. परंतु पुढे चित्रपट पाठलागात शिरतो, आणि १९७८, १९८१ व १९८३ साली आलेल्या त्याच्या उत्तरभागांत तर श्वापदाची खूण नाकारणाऱ्यांसाठी गिलोटिन उभे राहते.

ज्या वचनावर हा सारा डोलारा उभा आहे, ते संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले? मंडळीतील काही जण मरण पावले होते आणि मागे उरलेल्यांना दुःख होते की आपली माणसे प्रभूच्या आगमनाला मुकली. पौल त्यांचे सांत्वन करतो: जिवंत आणि मृत, सारे एकत्रच प्रभूला भेटतील. म्हणजे ताटातूट झालेल्यांना पुन्हा एकत्र आणणारे हे वचन आहे. चित्रपटाने त्याचे नवरा-बायकोची ताटातूट करणारे वचन केले! महासंकटापूर्वी विश्वासूंना गुपचूप उचलून नेले जाईल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलने ती दूरवर पोहोचविली. कॅथलिक ख्रिस्तसभेने हे वचन असे कधी वाचलेले नाही. १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ उलट असे शिकवितो की प्रभूच्या आगमनापूर्वी ख्रिस्तसभेलाही अखेरच्या कसोटीतून जावे लागेल. तेथे पळवाट नाही.

शास्त्राशी घेतलेले स्वातंत्र्य व्यावसायिक चित्रपटांत आणखी वाढते. रिचर्ड डॉनर यांच्या १९७६ सालच्या ‘द ओमेन’मध्ये प्रकटीकरणातील म्हणून काही भविष्यसूचक पद्य ऐकविले जाते. ते प्रकटीकरणात कोठेही नाही. पटकथेसाठी ते रचले गेले. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्दच मुळी त्या पुस्तकात नाही, तो संत योहानाच्या पत्रांत आहे, आणि तेथेही तो अनेकांना लावलेला आहे. ग्रेगरी पेकसारखा भारदस्त नट आणि जेरी गोल्डस्मिथ यांचे ऑस्कर मिळविणारे संगीत यांमुळे चित्रपट परिणामकारक झाला हे मान्य करावेच लागेल. मात्र त्यानंतर कित्येकांच्या मनात ६६६ हा आकडा एका लहान मुलाच्या डोक्यावरील डागाशी जोडला गेला. बहुतेक अभ्यासक त्या आकड्यात रोमन सम्राट नीरोचे नाव वाचतात.

मग प्रकटीकरण हे पुस्तक आहे तरी काय? बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सम्राट डोमिशियनच्या काळात, इ. स. ९५ च्या सुमारास, पात्म बेटावरून आशियातील सात मंडळ्यांना ते लिहिले गेले. त्याचे वाचक संकटातून उचलले गेलेले नव्हते, संकटात उभे होते. त्याच्या सहाव्या अध्यायात चार स्वार येतात. तिसरा काळ्या घोड्यावर बसलेला आहे आणि त्याच्या हातात तलवार नाही, तराजू आहे. त्याच्यासोबत ऐकू येणारी वाणी बाजारभाव सांगते: दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरता गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव. तेल आणि द्राक्षारस यांना मात्र हात लावावयाचा नाही! धान्य महाग आणि चैनीचा माल सुरक्षित. अन्यायाचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल. उल्का, रक्ताचा चंद्र, भूकंप हे सारे पडद्यावर पुनःपुन्हा आले. हा तराजूवाला स्वार मात्र आमच्या पाहण्यातील कोणत्याही थरारपटाचा विषय झाला नाही.

वऱ्हाडाला हा स्वार ओळखीचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा मुलूख होरपळला. त्या काळात अकोल्याकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे, तर यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनचे मिशनरी काम करीत होते. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांच्या शिकवणुकीची जी चार सूत्रे होती, त्यांतील चौथे ‘येणारा राजा ख्रिस्त’ हे होते. म्हणजे प्रभूच्या आगमनाची उत्कट वाट पाहणारी श्रद्धा या चित्रपटांच्या किती तरी आधी वऱ्हाडात आलेली होती. तरीही दुष्काळात या मिशनऱ्यांनी अनाथ मुलांना आसरा दिला. जग लवकरच संपणार म्हणून समोरच्या भुकेल्या मुलाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. आमचे त्यांच्याशी शास्त्रार्थाविषयी मतभेद असतील. पण त्यांच्या श्रद्धेतील ही दुसरी बाजू चित्रपटांनी गाळून टाकली, हे नमूद केले पाहिजे.

‘अ थीफ इन द नाइट’ ज्या १९७२ साली आला, ते साल महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे साल आहे. त्याच वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. संकलन केंद्रावर काट्याची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग, कापसाची प्रत ठरताना श्वास रोखून उभा असलेला शेतकरी आणि थकलेले चुकारे आमच्या जिल्ह्याने पाहिले आहेत. योजना आता राहिली नाही, काटा राहिला आहे. १९ मार्च १९८६ रोजी याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा जो अंत झाला, त्याच्या स्मरणार्थ आजही त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. ज्या मुलखात एकेका घराचे जग असे संपते, तेथे अंतकाळ हा करमणुकीचा विषय कसा व्हावा?

टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या लोकप्रिय कादंबरीमालेवरून निघालेला ‘लेफ्ट बिहाइंड’ (२०००) या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. त्यात धान्याचा प्रश्न येतो, पण कसा? एका इस्रायली शास्त्रज्ञाच्या शोधामुळे वाळवंटात पीक डोलू लागते, आणि भुकेल्या जगाला अन्न व शांती देऊ म्हणणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा नवा प्रमुख हाच ख्रिस्तविरोधी निघतो! सत्तेच्या गोड शब्दांविषयी सावध करणे शास्त्रसंमतच आहे. पण भाकरी आणि शांती यांची भाषा बोलणारा प्रत्येक जण संशयास्पद, असा संस्कार प्रेक्षकाच्या मनावर होत असेल, तर पाच भाकरींनी लोकसमुदायाला तृप्त करणाऱ्या प्रभूचे काय करावयाचे?

याच विषयावर वेगळा विचार करणारे चित्रपटही आहेत. मायकेल टोल्किन यांच्या ‘द रॅप्चर’मध्ये (१९९१) एक आई अंतकाळाची वाट पाहत लहान मुलीला घेऊन वाळवंटात जाते आणि स्वर्गाच्या घाईत स्वतःच्या हातांनी तिचा जीव घेते. पाहण्यास कठीण, प्रौढांसाठीच असलेला हा चित्रपट भाकिताच्या वेडाची किंमत कोणाला मोजावी लागते हे दाखवून देतो. कार्ल शुल्झ यांच्या ‘द सेव्हन्थ साइन’ची (१९८८) कथा शास्त्रापासून बरीच दूर भटकते. तरी त्यात जगाचा अंत व्हावा म्हणून धडपडणारा पुरोहिताच्या वेषातील माणूस खलनायक आहे, आणि तो अंत टळतो तो एका मातेने बाळासाठी प्राण दिल्यामुळे. इंगमार बर्गमन यांचा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) थरारपट नव्हे. मात्र त्याचे नाव प्रकटीकरणातूनच आलेले आहे. प्लेगच्या छायेत मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार मुद्दाम सोंगट्या उधळतो, आणि त्या अवधीत एक लहानसे कुटुंब निसटते. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत त्याचा समावेश झाला, तो उगाच नव्हे.

संत पौलाच्या थेस्सलनीकातही प्रभू आता येईल म्हणून काम सोडून बसलेले लोक होते. त्याने त्यांना कष्ट करून स्वतःची भाकरी खाण्यास सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच आपल्या काळाच्या भाषेत मांडले: नव्या पृथ्वीच्या प्रतीक्षेने या पृथ्वीच्या मशागतीची तळमळ कमी होऊ नये, उलट वाढावी. पऱ्हाटीच्या रानात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ‘मशागत’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

तेव्हा मुलांच्या हातून हे चित्रपट हिसकावून घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. ते त्यांच्यासोबत बसून पाहावेत, नंतर प्रकटीकरणाचा सहावा अध्याय उघडावा आणि विचारावे: या चौघांपैकी कोणता स्वार आपल्या गावात आलेला आहे? त्या दिवसाची व घटकेची माहिती पित्यावाचून कोणालाही नाही, असे प्रभूनेच सांगून ठेविले आहे. तराजू खोटा केव्हा होतो, हे कळण्यासाठी मात्र भाकिताची गरज नाही, आणि त्याविषयी आपण काय केले हेच त्या दिवशी आपल्याला विचारले जाईल.