नर्स प्रॅक्टिशनर आणि उत्पादकताधारित वेतन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. रोग्याची तपासणी, निदान व औषधयोजना करणारी ही उच्चशिक्षित परिचारिका आज तेथील प्राथमिक आरोग्यसेवेचा महत्त्वाचा घटक आहे. अनेक खाजगी वैद्यकीय संस्थांत तिचे वेतन पूर्णतः वा अंशतः 'उत्पादकते'शी जोडलेले असते. ही पद्धत जेवढी न्याय्य भासते तेवढी ती आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

मोजमापाचे स्वरूप :
उत्पादकता प्रामुख्याने दोन प्रकारे मोजली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष वसूल झालेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा दिला जातो. दुसऱ्या प्रकारात मेडिकेअरने १९९२ पासून स्वीकारलेल्या सापेक्ष मूल्य पद्धतीतील 'कार्य-एकके' मोजून प्रत्येक एककास दर दिला जातो. वसुलीवर आधारलेल्या पद्धतीत गरीब रुग्णांची सेवा करणारी परिचारिका तोट्यात जाते. कारण मेडिकेडचे दर सामान्यतः कमी असतात. एककांची पद्धत हा दोष टाळते, म्हणून ती तुलनेने सरस म्हणावी लागेल.

तथापि एकक म्हणजे श्रम नव्हे. जुन्या रुग्णाच्या मध्यम स्वरूपाच्या एका नेहमीच्या भेटीचे मूल्य २०२० मध्ये ०.९७ एकक होते. २०२१ मध्ये ते १.३० झाले. म्हणजे अशा शंभर भेटींची ९७ एकके वर्ष बदलताच १३० झाली. परिचारिकेचे काम मात्र तेच राहिले. शिवाय दूरध्वनीवरील सल्ला, तपासणी अहवालांचे वाचन, औषधांचे नूतनीकरण अशा कामांपैकी बरेचसे काम एककांत उमटत नाही.

श्रेयाचा प्रश्न :
या पद्धतीतील मूलभूत विसंगती देयकांच्या नियमांत आहे. १९९७ च्या कायद्यानुसार नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या क्रमांकावर देयक सादर केल्यास मेडिकेअर डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के रक्कम देते. तीच सेवा विहित अटी पाळून 'डॉक्टरांच्या सेवेशी आनुषंगिक' म्हणून दाखविल्यास १०० टक्के रक्कम मिळते. परंतु ते देयक डॉक्टरांच्या नावे जाते. साहजिकच संस्थेचा आर्थिक कल दुसऱ्या मार्गाकडे असतो. स्वतंत्र अंतर्गत नोंद न ठेवल्यास परिचारिकेची उत्पादकता डॉक्टरांच्या खाती जमा होते. ज्या नोंदीत तिचे कामच दिसत नाही, त्या नोंदीवरून तिचे वेतन ठरविणे तर्कदुष्ट होय. मेडिकेअर सल्लागार आयोगाने जून २०१९ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत ही आनुषंगिक देयकांची सवलत रद्द करण्याची शिफारस केली, ती या दृष्टीने लक्षणीय आहे.

समारोप :
उत्पादकताधारित वेतनाचे समर्थक त्यास श्रमानुसार मोबदला मानतात. तत्त्व म्हणून ते मान्य करता येईल. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब व नैराश्य एकत्र असलेल्या वृद्धेला वेळ देणारी परिचारिका या हिशेबात मागे पडत असेल, तर मोजले जाते ते श्रम नसून भेटींची संख्या होय. पुरेसे निश्चित मूळ वेतन, सेवा देणाऱ्याच्या नावे नोंद, एककांची मूल्ये कोणत्या वर्षीची याचा करारात स्पष्ट उल्लेख आणि अदृश्य कामासाठी राखीव वेळ, या चार अटींवाचून ही पद्धत प्रोत्साहन न ठरता केवळ दबाव ठरते. आणि त्या दबावाची किंमत अखेर रुग्णासच मोजावी लागते.