ओबो, हॉलिगर आणि धरून ठेवलेला एक स्वर

पाश्चात्त्य वाद्यवृंद सुरू होण्याआधी एक वादक एकच स्वर देतो आणि बाकीचे सगळे आपली वाद्यं त्याला जुळवून घेतात. तो स्वर ओबोचा असतो. पण श्रोत्यांपैकी कितीजण त्या वादकाचं नाव विचारतात? ब्राम्सच्या व्हायोलिन कन्चेर्टोचा दुसरा भाग ओबोच्या सुंदर सुरावटीने सुरू होतो. ओबोसाठी कन्चेर्टो मात्र त्याने लिहिला नाही. मोत्सार्टचा आहे, रिचर्ड स्ट्राउसचा १९४५चा आहे. या दोघांच्या मधल्या काळात पियानो-व्हायोलिनच्या मानाने फारच थोडं. मग ज्याला आयुष्यभर एकल ओबो वाजवायचाय, त्याने वाजवायचं तरी काय?

हाइन्झ हॉलिगरची कारकीर्द म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. जन्म १९३९, स्वित्झर्लंड. १९५९ साली जिनिव्हाची आणि १९६१ साली म्युनिकची स्पर्धा त्याने जिंकली. एवढ्यावर तो सुंदर आवाजाचा वादक म्हणून सुखाने जगू शकला असता. पण त्याने वाद्यच उकलायला घेतलं. हेन्झे, लिगेती, लुतोस्वाव्स्की, कार्टर यांनी त्याच्यासाठी लिहिलं. हेन्झे आणि लुतोस्वाव्स्कीच्या कन्चेर्टोंत ओबोच्या जोडीला हार्प आहे, कारण त्याची पत्नी उर्सुला हार्पवादक होती.

ओबोची पत्ती दुहेरी, आपल्या सनईसारखी. फट मात्र अगदी अरुंद. त्यामुळे वादकाला हवा कमी पडत नाही, उलट वापरलेली हवा छातीत साठून राहते. गालातली हवा बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायची युक्ती आपले सनईवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. हॉलिगरने ती ओबोवर आणली आणि एकाच वेळी अनेक स्वर काढण्याचं तंत्रही पुढे नेलं.

आता टीका. नवी युक्ती सापडली की ती दाखवायचा मोह होतो. त्या काळातलं काही संगीत ऐकताना मला वाटतं, आपण मैफलीत नाही, प्रयोगशाळेत बसलोय. कौशल्य दिसतं, पण कशासाठी, ते कळत नाही.

पण बेरिओने १९६९ साली त्याच्यासाठी लिहिलेली ‘सेक्वेन्झा ७’ घ्या. मागे एक स्वर सतत, अगदी हळू चालू असतो. ओबो तोच स्वर बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणींनी वाजवतो. स्वर तोच, रंग बदलतो. आपल्याला लगेच तंबोरा आठवतो, सनईमागचा सूर आठवतो. पण घाई करू नका. आपला षड्ज म्हणजे घर. तिथे परतल्यावर विसावा मिळतो. बेरिओचा स्वर विसावा देत नाही, तो साक्षीदारासारखा नुसता बघत राहतो. इथे युक्तीला अर्थ मिळतो, कारण रंग बदलतोय हे कळायला न बदलणारं काहीतरी लागतंच.

एकल वादकाची खरी कसोटी मला इथे दिसते. एका माणसाच्या श्वासासाठी, बोटांसाठी लिहिलेली ही रचना आज जगभरचे तरुण ओबोवादक वाजवतात. हॉलिगरच्या ओठांपुरतीच ती उरली असती, तर तिला आपण विक्रम म्हटलं असतं. दुसऱ्यांच्या हातांत ती जगली, म्हणून तिला संगीत म्हणायचं.

घरी गेल्यावर ती दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त मागच्या स्वराकडे लक्ष द्या. मग ओबोकडे.