वैऱ्याची नावे

शत्रू, वैरी, दुश्मन, गनीम, प्रतिस्पर्धी, प्रतिपक्षी. शाळेच्या पुस्तकात ही सारी मंडळी 'समानार्थी शब्द' या एकाच दावणीला बांधलेली आढळतात. माझी तक्रार त्या दावणीविषयी आहे. माझ्या मते हे शब्द समानार्थी नाहीत. तसे मानल्यामुळे आपल्या लेखनाचे, आणि थोडे वागण्याचेही, नुकसान होत आहे.

'वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये,' असे घरातल्या बायका सहज म्हणून जातात. तेथे 'शत्रू' घालून पाहा. वाक्यातली माया नाहीशी होते. शत्रूला सरहद्द लागते, वैऱ्याला उंबरठा पुरतो. आपल्या जुन्या शब्दांतला वैरी बहुधा जवळचाच असतो. संस्कृतात 'सपत्न' म्हणजे शत्रू. तो शब्द 'सपत्नी'वरून आला, आणि आपली 'सवत' तिचीच लेक. 'भ्रातृव्य' म्हणजे पुतण्या, आणि शत्रूही! पाणिनीला या दोन अर्थांसाठी दोन सूत्रे रचावी लागली. मराठीत तर 'भाऊबंद' म्हणजे आप्त, आणि 'भाऊबंदकी' म्हणजे त्यांचे भांडण. 'दावा' कोर्टात लावला तर फिर्याद होते, मनात धरला तर वैर. सारांश, ज्याचा आपल्याच वस्तूत वाटा, तोच वैरी.

कृ. प्र. खाडिलकरांना हे मर्म ठाऊक होते. 1773 साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनावर त्यांनी 1909 मध्ये नाटक आणले, त्याला नाव दिले 'भाऊबंदकी'. शेताच्या बांधावरचा शब्द त्यांनी शनिवारवाड्यात नेला. त्या एका शब्दाने राघोबादादा राक्षस न राहता चुलता झाला, आणि म्हणूनच प्रसंग अधिक भयंकर झाला.

उलट, आजच्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांत 'गनीम' हा शब्द मूठमूठ उधळलेला दिसतो. फारसी तवारिखा हा शब्द मराठ्यांना लावीत. मराठी कागद तोच मोगलांना लावीत. आणि 'गनिमी कावा' म्हणताना तर आपण तो अभिमानाने आपल्याच अंगावर मिरवतो. एवढा इतिहास ज्या शब्दाच्या पोटात आहे, तो केवळ कोण काळा, कोण गोरा हे दाखवायला वापरणे मला आळसाचे वाटते. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो : पात्राला 'शत्रू' म्हटले की लेखकाचे काम संपते, 'भाऊबंद' म्हटले की त्याच्या वाट्याचे शेतही दाखवावे लागते.

वर्तमानपत्रांची तऱ्हा याहून निराळी नाही. निवडणुकीतला विरोधक 'शत्रू' होतो, क्रिकेटमध्ये हरलेल्या संघाला 'धूळ चारली' जाते. वास्तविक हा वाक्प्रचार आखाड्यातला, आणि आखाड्याने तर प्रतिस्पर्ध्यासाठी आपल्याला फार सुंदर शब्द दिला आहे : 'जोड'. कोल्हापूरच्या खासबागेत असो की गावच्या जत्रेत, वस्ताद मंडळी पैलवानाला शत्रू शोधत नाहीत. त्याची जोड ठरवतात. जोड म्हणजे तोलामोलाचा. जो नसेल तर कुस्तीच होणार नाही असा. पाठ लावायची ती त्याचीच, पण हात मिळवून. लोकशाहीतल्या विरोधी पक्षाला, आणि हो, लेखकाच्या टीकाकारालाही, याहून नेमके नाव मला सुचत नाही.

हा भेद आपल्या लोकांना पूर्वीपासून कळत होता. याच दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात कारीट अंगठ्याखाली चिरडून नरकासुराचा वध करतात. आणि पाठोपाठच्या पाडव्याला, ज्याला वामनाने पाताळात घातले त्या बळीचे राज्य पुन्हा येवो, असे आपण म्हणतो. दोघेही देवांचे वैरीच. परंतु एकाने सोळा हजार स्त्रिया कोंडल्या, दुसऱ्याने दिलेला शब्द पाळला. लोकांनी दोघांना एका मापाने मोजले नाही.

फराळाच्या ताटाभोवती उद्या कुणी मोठ्याने वर्तमानपत्र वाचील आणि 'शत्रू' हा शब्द येईल, तेव्हा घरातल्या मुलांना एवढेच विचारावे : हा वैरी, भाऊबंद, की जोड? व्याकरणाचा असा धडा शाळेत क्वचितच होतो.