‘नेटाने’, पण कशाला?

‘लक्ष्मीबाईंनी नेटाने संसार केला.’ ‘स्मृतिचित्रे’वरच्या माझ्या टिपणातलं हे वाक्य आईने फोनवर वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, ‘‘नेट लावला तो कशाला गं? ते कुठे लिहिलंयस?’’

मी वैतागले. मग वाक्य पुन्हा वाचलं. त्यात मी खरंच काहीही सांगितलं नव्हतं.

आपल्याला नेट म्हटलं की आधी संपत आलेला डेटा आठवतो. ते नेट वेगळं. हा नेट पुल्लिंगी, म्हणजे जोर, रेटा. पावसाळ्यात फुगलेलं दार उघडेना की घरातलं कुणीतरी ओरडतं, ‘खांद्याने नेट लाव!’ समोर काहीतरी अडून बसल्याशिवाय नेट लागतच नाही. ‘चिकाटीने’मध्ये चिकटून राहणं आहे, रियाज चिकाटीने होतो, त्याला कुणी आडवं यावं लागत नाही. ‘कसोशीने’त काटेकोरपणा आहे. हिशेब कसोशीने तपासतात. नेटाने तपासावा लागला, तर तो कुणीतरी दडवत असणार.

म्हणजे ‘नेटाने’ लिहिलं की दारही दाखवायला हवं. आपल्या परीक्षणांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत ते क्वचितच दिसतं. बाईबद्दल लिहिताना तर नाहीच. ‘पतीच्या पश्चात नेटाने मुलं वाढवली’ या वाक्यातून दीर, सासर, तुटपुंजा पगार, घरभाडं सगळे सुखरूप निसटतात. कौतुक तिचं होतं, जाब कुणालाच विचारला जात नाही. मला हा शब्द फार आवडतो, म्हणूनच हे खुपतं.

लक्ष्मीबाई टिळक स्वतः असं मोघम लिहीत नाहीत. सोवळ्याच्या वेडाने घर जेरीला आणणारे वडील, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, 1895 साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेली काही वर्षांची ताटातूट: सगळं प्रसंगानिशी, वर हसत हसत. शिवाय दर वेळी त्या दार ढकलत बसत नाहीत. कधी रडतात, कधी थट्टा करून बाजूने निघतात. सोवळंओवळं सुटतं ते तर स्वतःच्याच मनाशी भांडून. या सगळ्यावर ‘नेटाने’चा एकच शिक्का मारणं म्हणजे पुस्तक न वाचता कपाटात ठेवणं. मी तेच केलं होतं.

एका जागी मात्र शब्द ठेवला. नारायण वामन टिळक 1919 साली गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेत न गेलेली बाई, नवऱ्याचं कवी म्हणून मोठं नाव आणि समोर न लिहिलेले अध्याय. इथे दार दिसतं, म्हणून नेटही दिसतो.

सुधारलेलं टिपण आईला पाठवलं. ‘‘आता बरंय,’’ म्हणाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘माझ्यावर कधी लिहिलंस ना, तर नळाला पाणी रात्री दोनला यायचं आणि उठायचे मी एकटीच, हे लिही.’’