सतरा वर्षांच्या मुलाबद्दल चार ओळी

दोन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदाच कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅनलवर बसवलं गेलं. एका दिवसात चौदा मुलं. प्रत्येकाला पस्तीस मिनिटं आणि मग फॉर्ममध्ये त्याच्याबद्दल चार ओळी. संध्याकाळी साडेपाचला आलेल्या एका मुलाबद्दल मी लिहिलं, ‘बेसिक्स पक्के, पण स्पार्क नाही.’ त्याला नोकरी मिळाली नाही. चार दिवसांनी फॉर्म पुन्हा चाळताना मी अडकलो. स्पार्क म्हणजे मला नक्की काय दिसलं नव्हतं? तो सकाळी साडेदहाला आला असता तर मी तेच लिहिलं असतं का?

त्याच सुमारास, टोरांटोहून काम करणाऱ्या आमच्या टीममधल्या एकाने मला आइस हॉकीचे स्काउटिंग रिपोर्ट वाचायला दिले. खेळ मला फारसा कळत नव्हता, पण वाचनाचा नाद लागला. कारण हेही तेच लिखाण होतं, कोवळ्या मुलांबद्दल चार ओळी. फरक इतकाच की हे लोक वर्षभर गारठलेल्या स्टेडियममध्ये बसून ते लिहितात आणि दहा वर्षांनी कोण चुकलं हे सगळ्या जगाला कळतं. म्हणून या रिपोर्टांकडे एक साहित्यप्रकार म्हणून बघायचं मी ठरवलं. समीक्षा कवितेचीच करावी असं थोडंच आहे!

आधी थोडी पार्श्वभूमी. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग, ३२ संघांची. दरवर्षी उन्हाळ्यात तिचा ड्राफ्ट होतो. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेका मुलाच्या नावावर हक्क सांगतात, सात फेऱ्यांमध्ये. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना पाळी आधी मिळते, फक्त अगदी वरचे नंबर लॉटरीने ठरतात. त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ज्यांना अठरा वर्षं पूर्ण होतात, ते यात येतात. म्हणजे स्काउट ज्या हंगामाबद्दल लिहितो, त्यातला बराचसा काळ मुलगा सतरा वर्षांचाच असतो.

मला या रिपोर्टांमध्ये दोन प्रकारची वाक्यं दिसतात. पहिला प्रकार असा (उदाहरण माझं): ‘ब्लू लाइनवर पक मिळण्याआधी तो दोनदा मान वळवून मागे बघतो, त्यामुळे अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवायला त्याला अर्धा सेकंद जास्त मिळतो.’ दुसरा असा: ‘याचा हॉकी आयक्यू उच्च आहे, पण कंपीट लेव्हल शंकास्पद.’ पहिल्या वाक्यात मुलगा काहीतरी करतोय. दुसऱ्यात तो काहीतरी आहे. पहिलं वाक्य खोटं ठरवता येतं: व्हिडिओ लावा, मान वळते का बघा. दुसऱ्याशी वाद घालायला जागाच नाही. माझं ‘स्पार्क नाही’ हे अस्सल दुसऱ्या प्रकारचं.

दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांना एक खोड असते. मुलगा आज जसा आहे तसाच तो स्वभावतः आहे, असं ती गृहीत धरतात. आणि ‘आज’ ही गोष्ट या खेळात फार निसरडी आहे.

ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. कटऑफ दोन दिवसांनी हुकला, म्हणून २०१५ ऐवजी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये आला. मधलं वर्ष त्याने झुरिकमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळून काढलं आणि टोरांटोने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं. उलट, २०२५ चा पहिला नंबर मॅथ्यू शेफर. जन्म ५ सप्टेंबर २००७, म्हणजे कटऑफच्या दहा दिवस अलीकडे. आपल्या बॅचमधल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. कॉलरबोन मोडल्यामुळे त्या हंगामात तो आपल्या क्लबकडून फक्त १७ सामने खेळला. मॅथ्यूज आणि शेफर दोघेही ‘ड्राफ्टच्या वयाचे’, पण प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक. सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती, हे ज्यांची उंची अकरावी-बारावीत वाढली त्यांना विचारा.

हा फरक नुसता गमतीचा नाही. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली पोरं लहानपणापासून आपल्या गटात दांडगी दिसतात, चांगल्या संघात जातात, जास्त खेळतात. ही गोष्ट १९८० च्या दशकापासून अभ्यासकांना माहीत आहे. तरीही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू पुढच्या कारकिर्दीच्या मानाने फारच उशिरा निवडले गेले होते. जन्मतारीख प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर छापलेली असते, पण खालची विशेषणं लिहिताना तिच्याकडे पुरेसं बघितलं जात नव्हतं.

शरीराबद्दलची वाक्यं वेगळ्या तऱ्हेने फसतात. ड्राफ्टच्या आधी कॉम्बाइन नावाची चाचणी असते: सायकल, उड्या, पुल-अप्स वगैरे. २०१४ मध्ये सॅम बेनेटला तिथे एकही पुल-अप काढता आला नाही. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत तो पहिला होता, त्यामुळे बातमी गाजली, विनोद झाले. कॅल्गरीने त्याला चौथ्या नंबरवर घेतलं. जून २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनले कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी बेनेटला मिळाली.

गोष्ट इथे थांबवली तर फॉरवर्ड करायला बरी पडते: बघा, हसणारे तोंडावर पडले. पण कॅल्गरीतली त्याची वर्षं बऱ्यापैकी निराशेची होती. २०२१ मध्ये त्याला फ्लोरिडाला देऊन टाकलं आणि तिथे त्याचा खेळ फुलला. म्हणजे पुल-अपवर हसणारे चुकले, आणि पहिला नंबर देणारेही बरीच वर्षं चुकल्यासारखेच दिसत होते. कुठल्या संघात, कोणाच्या शेजारी, कोणत्या कामासाठी, हे त्या चार ओळींत मावतच नाही.

मी इंजिनियर, त्यामुळे इथे मला आकड्यांचा आधार वाटणं स्वाभाविक होतं. हॉकीत गेब्रिएल देजार्दां यांनी रूढ केलेली एक पद्धत आहे, एनएचएल इक्विव्हॅलन्सी. एखाद्या लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे गुण किती टक्के टिकले हे बघायचं आणि त्यावरून लीगचा गुणक ठरवायचा. स्वीडनमधला एक गुण आणि ऑन्टॅरिओच्या ज्युनियर लीगमधला एक गुण मग एका मापात येतात. सुंदर कल्पना. कोडमध्ये वीस ओळींत बसते.

पण त्या गुणांच्या आतही माणसंच असतात. पॉवर प्लेवर (क्रिकेटमधला नव्हे, हॉकीत समोरच्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतो तो काळ) गोल सोपे होतात. तिथे कोणाला उतरवायचं हे कोच ठरवतो. कोचला आधीच भरवसा वाटला, की मुलाला संधी, संधीतून गुण आणि गुणांतून मॉडेलचा भरवसा. मत आकडा होऊन बाहेर येतं.

आणि जिथे आकडा स्पष्ट बोलतो तिथे त्याचं ऐकलं जातं असंही नाही. अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅटने २०१४-१५ मध्ये ईरी ऑटर्सकडून पहिल्याच हंगामात ५१ गोल केले. त्याच संघात कॉनर मॅकडेव्हिड होता, म्हणून श्रेय वाटून घेणं रास्तच. पुढच्या वर्षी मॅकडेव्हिड एनएचएलमध्ये गेला आणि डेब्रिंकॅटने पुन्हा ५१ गोल केले. इतका स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही मिळत नाही. तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३९ वा गेला, कारण उंची पाच फूट सात इंच. पुढे एनएचएलमध्ये त्याने एकाहून अधिक हंगामांत चाळीसच्या वर गोल केले. ठेंगण्या खेळाडूबद्दलची शंका काही नवी नव्हती. मार्टिन सेंट लुईला तर कोणी ड्राफ्टच केलं नव्हतं आणि २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उदाहरण डोळ्यांसमोर असतानाही वाक्यं बदलली नाहीत.

आता या साहित्यप्रकारातली सगळ्यांत लाडकी दंतकथा: डेट्रॉइटचे स्काउट. १९८९ मध्ये त्यांनी ५३ व्या नंबरवर निकलास लिडस्ट्रॉम आणि ७४ व्या नंबरवर सर्गेई फेदोरोव घेतला. लिडस्ट्रॉम सात वेळा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला. १९९८ मध्ये १७१ व्या नंबरवर पावेल दात्सुक. स्काउट हाकन अँडरसन रशियात गेला होता दुसऱ्याच एका मुलाला बघायला आणि नजर याच्यावर खिळली. दात्सुक आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. ही कथा नेहमी ‘पारखी नजर’ या अंगाने सांगितली जाते.

मला त्यातला दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८९ मध्ये लिडस्ट्रॉमच्या आधी डेट्रॉइटने दोन मुलं निवडली होती. १९९८ मध्ये दात्सुकच्या आधी तर अनेक. तो मोठा खेळाडू होणार याची त्यांना खात्री असती, तर ते १७१ व्या नंबरपर्यंत थांबले असते का? शिवाय फेदोरोव ७४ वा गेला तो खेळात कमी होता म्हणून नाही. सोव्हिएत युनियन त्याला सोडेल का, हा प्रश्न होता. १९९० मध्ये तो अमेरिकेत संघातून निसटला, तेव्हा कुठे डेट्रॉइटला मिळाला. त्या क्रमांकात राजकारणाची किंमत मिसळलेली होती.

तेव्हा डेट्रॉइटचं मोठेपण भविष्य दिसण्यात नव्हतं. इतर जिथे फारसे जात नव्हते तिथे ते गेले. खात्री नसतानाही पाळी खर्च केली. आणि पुढे थांबले: दात्सुक ड्राफ्टनंतर तीन वर्षं रशियातच खेळला आणि २००१ मध्ये आला. यातलं काहीच त्या चार ओळींच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

स्काउटांवर टीका करणं मला सोपं आहे, कारण त्यांची उत्तरं आज उघडी आहेत. त्यांच्या बाजूने एक गोष्ट म्हणायलाच हवी: घड्याळ चालू असतं, नाव घ्यावंच लागतं. ‘सांगता येत नाही’ असं म्हणून पाळी सोडता येत नाही. चांगला स्काउट मग काय करतो? जे वाचून मी खरंच काही शिकलो, त्या रिपोर्टांमध्ये किती सामने बघितले हे लिहिलेलं असतं. मुलगा दुखापतीतून उठलाय का, कोणाबरोबर खेळतोय, वय महिन्यांत किती, हेही असतं. निकाल शेवटी असतो आणि त्यावर तारीख असते. तो नंतर चुकला तरी रिपोर्ट वाया जात नाही, कारण कुठे चुकलं ते शोधता येतं.

यंदा मी पुन्हा पॅनलवर होतो. मुलांबद्दल लिहिताना ‘आहे’ आणि ‘नाही’ टाळले. ‘दुसऱ्या प्रश्नावर अडकला, इशारा दिल्यावर स्वतःची चूक स्वतः शोधली, अकरा मिनिटं लागली, दिवसातली तेरावी मुलाखत,’ असं लिहिलं. एचआरमधून फोन आला, की सर, एवढं मोठं नको, फक्त स्ट्राँग हायर की नो हायर ते सांगा. मी सांगितलं. घड्याळ चालू होतं.

साडेपाचच्या त्या मुलाचं नाव माझ्या लक्षात नाही. फॉर्म सिस्टिममध्ये अजून असेल. त्यात त्याने कोणता प्रश्न सोडवला आणि कसा, याबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नाही. त्यामुळे मी त्याच्याबाबत चुकलो की नाही, हे आता मलाही तपासता येणार नाही.